फॅरेडेची कडी आपल्या हातांनी कशी गुंडाळावी

एका तारेतली वीज चालू-बंद केली की तिला न जोडलेल्या दुसऱ्या तारेतही क्षणभर वीज उठते, हे शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेला २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका लोखंडी कडीवर दिसलं. त्या कडीची मापं त्यानेच वहीत टिपून ठेवली आहेत. मऊ लोखंडाची गोल सळी, जाडी ७/८ इंच. कडीचा बाहेरून व्यास ६ इंच. एका अंगाला तांब्याच्या तारेचे तीन तुकडे, प्रत्येक सुमारे २४ फूट. दुसऱ्या अंगाला दोन तुकडे, दोन्ही मिळून सुमारे ६० फूट. वेढे एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि मांजरपाट. दोन्ही बाजूंची दिशा एकच, आणि दोन्हींमध्ये थोडी जागा सोडलेली.

मी मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करते. जळालेली मोटार घेऊन येणारा माणूस याच्या निम्मीही माहिती देत नाही. त्यामुळे ही नोंद वाचताना मला त्यात शास्त्राच्या आधी जॉब कार्ड दिसतं. यावरून काम करता येतं, आणि ते कसं करायचं हेच इथे सांगते. बारा-तेरा वर्षांचं मूल मोठ्या माणसाला बरोबर घेऊन हे आरामात करू शकेल.

आधी धोक्याचं. या कामात घरातल्या प्लगची वीज कुठेही लागत नाही. दीड व्होल्टचा एक मोठा सेल पुरतो. या कडीला मेन्सची वीज लावायचा विचारही करू नका. तार जळेल, आणि दुसऱ्या बाजूच्या टोकांना हात लागला तर जिवावर बेतेल.

बाइंडरचा हात

फॅरेडे लोहाराचा मुलगा. जन्म २२ सप्टेंबर १७९१, लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्समध्ये. शाळा जेमतेम. १८०५ मध्ये, वय चौदा असताना, ब्लँडफर्ड स्ट्रीटवर पुस्तकं विकणाऱ्या आणि बांधणाऱ्या जॉर्ज रिबोकडे तो सात वर्षांच्या उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं वाचत वाचत तो विजेपर्यंत पोचला. १८१२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हंफ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली, त्यांची टिपणं स्वच्छ लिहून, बांधून डेव्हीला पाठवली आणि मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेतला मदतनीस झाला.

चरित्रं सहसा इथे डेव्हीवर रेंगाळतात. मला रिबोचं दुकान जास्त महत्त्वाचं वाटतं. इनॅमल लावलेली तार तेव्हा नव्हती. उघडी तांब्याची तार लोखंडावर अशी बसवायची की एक वेढा दुसऱ्याला लागणार नाही, आणि वरचा थर खालच्या थरात घुसणार नाही. दोरा किती ताणायचा, कापड कुठे दुमडायचं, एकावर एक थर सपाट कसे बसवायचे, हे पुस्तक शिवणाऱ्याला सांगावं लागत नाही. कडीवरची सुतळी आणि मांजरपाट बघितलं की कारागीर ओळखू येतो. ती कडी आजही रॉयल इन्स्टिट्यूशनच्या संग्रहालयात आहे. आजच्या हिशेबाने वाइंडिंग ओबडधोबड आहे, पण इन्सुलेशनमध्ये कंजुषी नाही.

लोखंड

पहिला प्रश्न कडीचा. तीन मार्ग आहेत.

सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे २२ मिलिमीटरची साध्या लोखंडाची सळी लोहाराकडून किंवा वेल्डरकडून गोल वाकवून जोडून घेणं. वजन सव्वा किलोच्या आसपास भरेल. जोडल्यावर कडी लाल तापवून राखेत पुरून सावकाश थंड करायला सांगा, म्हणजे लोखंड मऊ होतं. स्टेनलेस घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच प्रकारांना चुंबक नीट धरत नाही. बेअरिंगची कडीही नको. ते कडक पोलाद असतं आणि एकदा चुंबकत्व आलं की सोडत नाही.

दुसरा मार्ग माझा आवडता. सळ्या बांधायची काळी मऊ तार मिळते, ती घ्या. सव्वाचार इंच व्यासाच्या एखाद्या डब्यावर ती गोल गोल गुंडाळत जा, जुडगा ७/८ इंच जाड होईपर्यंत. पाऊण ते एक किलो तार लागते. चार-सहा ठिकाणी दोऱ्याने आवळून बांधा, डब्यातून काढा, हातोडीने हलकेच ठोकून गोल करा. ही कडी फॅरेडेच्या कडीपेक्षा एका बाबतीत सरस ठरते. भरीव सळीत चुंबकत्व बदलायला लागलं की लोखंडाच्या पोटातच भोवरी प्रवाह उठतात आणि बदलाला अडवतात, त्यामुळे धक्का लांबतो आणि बोथट होतो. सुट्या तारांच्या जुडग्यात हे प्रवाह फारसे फिरू शकत नाहीत. ट्रान्सफॉर्मरचा कोअर, म्हणजे तारेच्या आतलं लोखंड, एका ठोकळ्याचा न करता पातळ पत्र्यांचा करतात, तो याच कारणाने.

तिसरा मार्ग, जुन्या ट्रान्सफॉर्मरचा गोल कोअर. चालेल. उत्तम चालेल. पण मग लोखंड तुम्ही केलं नाही.

गुंडाळणी

तार घ्यायची ती वाइंडिंगची, इनॅमल केलेली, २४ गेज. फॅरेडेची याहून जाड होती. आपण जाड घेतली तर एकच सेल जोडल्यावर करंट फार वाढतो आणि सेल तापतो. पुढचे सगळे प्रयोग धरून तीनशे ग्रॅम तार पुरेल.

कडीवर आधी सुती टेप गुंडाळा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवून. याला आम्ही अर्धा लॅप म्हणतो. टेप नसेल तर मांजरपाटाच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडा. कापू नका, फाडा. फाडलेली पट्टी दोऱ्याच्या रेषेत सरळ येते. तारेच्या जुडग्याची कडी असेल तर टेपचे दोन थर द्या, कारण तिच्या पृष्ठभागावर कुठेतरी एक टोक वर आलेलं असतंच आणि ते इनॅमल खरवडतं.

आता खडूने कडीचे दोन भाग करा. दोन्ही सांध्यांवर इंचभर जागा मोकळी ठेवा. एक भाग A, दुसरा B. ही अक्षरं फॅरेडेचीच आहेत.

कडी बंद असल्यामुळे तार सरळ रिळावरून गुंडाळता येत नाही. प्रत्येक वेढ्याला तार मधल्या भोकातून आरपार न्यावी लागते. त्यासाठी शटल करा: वीतभर लांब, बोटभर रुंद लाकडी पट्टी, दोन्ही टोकांना खाचा. २४ फूट अधिक दोन्ही टोकांना एकेक फूट, म्हणजे २६ फूट तार मोजून शटलवर भरा. मोजल्याशिवाय भरू नका. अर्ध्यावर तार संपली तर कडीवर सांधा द्यावा लागतो, आणि सांधा ही प्रत्येक वाइंडिंगमधली सर्वांत दुबळी जागा असते.

सुरुवातीचं टोक दोऱ्याने कडीला बांधून टाका आणि वेढे घालू लागा. अंगठ्याच्या नखाने प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला टेकवत जा. बाहेरच्या परिघावर वेढे आपोआप विरळ दिसतात, आतल्या बाजूला दाटतात. ते तसंच असतं, त्याची काळजी नको. ताण एकसारखा ठेवा. तार भोकातून ओढताना कडीच्या कडेवर घासू देऊ नका, आणि तारेला गाठीसारखी घडी पडली तर ती ओढून सरळ करायच्या आधी बोटांनी उलगडा. ओढली तर तिथलं इनॅमल तडकतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. २४ फुटांत नव्वद-पंचाण्णव वेढे बसतात. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, पण मोजा आणि लिहून ठेवा. मोजणी चुकू नये म्हणून दर दहा वेढ्यांना मी कागदावर एक रेघ मारते.

पहिला तुकडा संपला की टोक बांधा, वर मांजरपाटाचा एक थर द्या, आणि दुसरा तुकडा त्याच बाजूने, त्याच दिशेने सुरू करा. मग तिसरा. इनॅमल असताना मधल्या कापडाची तशी गरज नाही, पण कापडाने थर घसरत नाहीत. B बाजूला प्रत्येकी ३० फुटांचे दोन तुकडे, तेही त्याच दिशेने. सगळे मिळून B वर २३० च्या आसपास वेढे होतात.

प्रत्येक टोकाला लगेच खूण करा. सुरुवातीच्या टोकाला लाल स्लीव्ह, शेवटच्या टोकाला काळी, आणि चिठ्ठी: A1, A2, A3, B1, B2. गुंडाळून झाल्यावर करू म्हणाल तर दहा सारखी टोकं हातात येतात.

टोकांवरचं इनॅमल पॉलिश पेपरने घासून तांबं चकचकीत दिसेपर्यंत काढा. सगळ्या बाजूंनी, एकाच बाजूने नाही. जमलं तर सोल्डरचा हलका थर द्या.

आता तपासणी. मल्टिमीटरची दोन टोकं आधी एकमेकांना लावून बघा. दोन-तीन दशांश ओहम दिसतील, ते वायरींचे असतात, ते वजा करायचे. A च्या एका तुकड्याला अर्ध्या ओहमच्या आसपास यायला हवं, B चे दोन तुकडे सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडल्यावर सव्वा-दीड ओहम. A आणि B यांच्यात, आणि कुठल्याही तारेचा लोखंडाशी, काहीही दिसता कामा नये. फॅरेडेकडे मीटर नव्हता, तरी त्याने बॅटरी लावून प्रत्येक तुकडा दुसऱ्यापासून वेगळा आहे की नाही हे तपासलं होतं आणि तशी नोंदही केली. ते वाक्य वाचलं की मला तो माणूस आमच्यातला वाटतो.

सुई

फॅरेडेने B चं सर्किट एका लांब तांब्याच्या तारेने पुरं केलं आणि ती तार कडीपासून तीन फुटांवर ठेवलेल्या चुंबकसुईवरून नेली. एका तारेने सुई हलते, पण जेमतेम. १८२० मध्येच जर्मनीत योहान श्वायगर याने तारेचे अनेक वेढे सुईभोवती घालून परिणाम कितीतरी पट वाढवण्याची युक्ती काढली होती. आपण तीच वापरू.

साधं होकायंत्र घ्या, शक्यतो कोरडं. तेल भरलेल्या होकायंत्रात सुई जड चालते. होकायंत्र जेमतेम आत बसेल अशी पुठ्ठ्याची चौकट करा आणि तिच्यावर त्याच तारेचे चाळीस वेढे घाला, वीस सुईच्या एका बाजूला, वीस दुसऱ्या बाजूला, म्हणजे मधून सुई दिसत राहते. दोन टोकं दोन मीटर लांब ठेवा आणि एकमेकांभोवती पीळ घाला. हा झाला आपला सुईचा मीटर. तो लाकडी टेबलावर ठेवा, आणि सुई स्थिर झाल्यावर चौकट अशी फिरवा की वेढे सुईच्या रेषेत, उत्तर-दक्षिण येतील. सुई वेढ्यांना आडवी असेल तर काही दिसणार नाही. आसपास लोखंडी पायांची खुर्ची, कात्री, मोबाइल नको. मोबाइलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो. मोबाइलमधलं होकायंत्र या कामाला घेऊ नका, आपल्याला हवा तो झटका त्याच्या पडद्यावर नीट उमटत नाही.

सेल

फॅरेडेने चार इंची चौकोनी पत्र्यांच्या दहा जोड्यांची बॅटरी वापरली. आपल्याला टॉर्चचा मोठा, डी साइझचा अल्कलाइन सेल बस आहे.

स्वतः केलेल्या बॅटरीचीच हौस असेल तर फॅरेडेची पहिली बॅटरी करून बघा. १२ जुलै १८१२ ला मित्र बेंजामिन ॲबट याला लिहिलेल्या पत्रात ती आहे, आणि लिहिताना तो आनंदाने नुसता उड्या मारतोय. अर्ध्या पेनीच्या आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या त्याने स्वतः कापल्या, त्यांवर तांब्याची सात अर्धपेनी नाणी ठेवली, आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद. कागद सात, की सहाच, असं तो पत्रातच स्वतःला दुरुस्त करतो. ती दुरुस्ती बरोबर आहे: सात जोड्यांच्या मध्ये कागद सहाच बसतात, आणि वीज तयार करणारी घरंही सहाच. एवढ्यावर त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचं विघटन करून दाखवलं. तुमच्या चवडीला साडेचार व्होल्टच्या आसपास येतील आणि लाल एलईडी लागेल. कागद ओला हवा पण ठिबकता नको. बाजूने पाणी ओघळलं तर घरं एकमेकांत शॉर्ट होतात. कडी मात्र या चवडीवर चालणार नाही. व्होल्ट असतात, करंट देण्याची ताकद नसते.

दाबा, पण बघा सुईकडे

कडी आणि सुई यांत मीटरभर अंतर. B1 आणि B2 सिरीजमध्ये: B1 चं काळं टोक B2 च्या लाल टोकाला. उरलेली दोन टोकं सुईच्या मीटरला. A चा एकच तुकडा, मध्ये पुश बटन, आणि सेल. बटनाच्या दोन्ही वायरींना पीळ घाला, म्हणजे त्यांचा स्वतःचा परिणाम सुईवर होत नाही. बटन असं ठेवा की बोट त्यावर असताना मान न वळवता सुई दिसेल.

पहिलं काम, B सुटी ठेवून बटन दाबणं. सुई हलता कामा नये. हलली तर कडी थेट सुईला ओढतेय, अंतर वाढवा. ही तपासणी टाळली तर पुढे जे दिसेल त्यावर विश्वास ठेवायला आधारच नाही.

आता B जोडा. सुई शांत होऊ द्या. डोळे सुईवर. दाबा.

सुई झटक्यात एका बाजूला जाते, दोन-चार हेलकावे घेते आणि मूळ जागी परत येते. बटन अजून दाबलेलं आहे, A मधून करंट अजून वाहतोय, कडी अजून चुंबक आहे, आणि B मध्ये काहीही नाही. आता सोडा. सुई पुन्हा उडते, या वेळी उलट्या बाजूला. फॅरेडेच्या त्या दिवसाच्या नोंदीत नेमकं हेच आहे: जोडताक्षणी परिणाम, सुई हेलकावत मूळ जागी, आणि तोडताना पुन्हा खळबळ.

हे इतकं सोपं दिसतं की अकरा वर्षं कुणाला का सापडलं नाही असं वाटतं. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ऑर्स्टेडने विजेमुळे चुंबकसुई वळते हे दाखवलं. त्यानंतर उलटं व्हायला हवं, चुंबकापासून वीज मिळायला हवी, हे अनेकांच्या मनात होतं. फॅरेडेने १८२२ मध्येच वहीत स्वतःसाठी काम लिहून ठेवलं होतं: चुंबकत्वाचं विजेत रूपांतर करायचं. पण सगळे शोधत होते ती सतत वाहणारी वीज. बॅटरी लावली की तार जशी वीज वाहते, तसं चुंबक शेजारी ठेवला की तारेने वाहत राहावं, अशी अपेक्षा. जिनिव्हाच्या कोलाडोंने १८२५ मध्ये कॉइल आणि चुंबक घेऊन योग्य तोच प्रयोग केला. चुंबकाने मीटरची सुई हलू नये म्हणून त्याने मीटर शेजारच्या खोलीत ठेवला. चुंबक कॉइलमध्ये घातला, चालत त्या खोलीत गेला, बघितलं तर सुई शून्यावर. तो पोचेपर्यंत झटका येऊन गेला होता. काळजी घेतली तीच नडली. म्हणून बटन आणि सुई एका नजरेत असली पाहिजेत यावर मी एवढी अडून बसते.

बटन एका सेकंदापेक्षा जास्त दाबून ठेवू नका. करंट दोन अँपिअरच्या घरात असतो, सेल भराभर उतरतो. सोडताना बटनात बारीक ठिणगी पडते, ती पडू दे. उघड्या टोकांना मात्र हात लावू नका.

आता एक गंमत, जी शाळेच्या पुस्तकात मला कधी दिसली नाही. पहिल्या दाबण्याला झटका मोठा येतो, सोडताना त्याहून छोटा. दुसऱ्यांदा दाबलं तर पुन्हा छोटाच. सेल उतरला असं वाटतं, पण तसं नाही. बंद कडीला उत्तर-दक्षिण अशी मोकळी टोकं नसतात, त्यामुळे करंट बंद झाला तरी आतलं चुंबकत्व बरंचसं तसंच गोल फिरत राहतं. सोडताना ते थोडंच उतरतं, पुन्हा दाबताना थोडंच चढतं, आणि B ला कळतो तो फक्त चढ-उतार. उपाय सोपा: प्रत्येक दाबण्याआधी सेल उलटा करा. मग लोखंडाला एका दिशेहून पार दुसऱ्या दिशेला जावं लागतं आणि सुई सर्वांत जोरात उडते. कुणाला दाखवायचं असेल तेव्हा मी गुपचूप सेल उलटा करून ठेवते.

मग A चे तीन तुकडे एकेक करून, दोन सिरीजमध्ये, तिन्ही सिरीजमध्ये लावून बघा. वेढे तिप्पट झाले म्हणून झटका तिप्पट होत नाही, कारण तार लांबली की करंटही कमी होतो. फॅरेडेने तुकडे सुटे का ठेवले ते हाताने कळतं: एकच कडी, पण जोडण्या बदलून अनेक प्रयोग.

१७ ऑक्टोबर

कडीच्या प्रयोगानंतरही फॅरेडेला खात्री नव्हती. २३ सप्टेंबरला रिचर्ड फिलिप्स या मित्राला त्याने लिहिलं की काहीतरी चांगलं हाताला लागलंय असं वाटतं, पण एवढ्या मेहनतीनंतर गळाला माशाऐवजी शेवाळही निघेल. कडीत अजून बॅटरी होती. बॅटरीशिवाय, नुसत्या चुंबकापासून वीज हवी होती. ती १७ ऑक्टोबरला मिळाली, आणि हा भाग कडीपेक्षा खूपच सोपा आहे.

कागदाची पोकळ नळी करा. फॅरेडेचा चुंबक पाऊण इंच जाड आणि साडेआठ इंच लांब होता. तुमचा जो असेल तो आत सहज सरकेल एवढी नळी रुंद हवी. कागद डिंक लावून पाच-सहा वेढ्यांचा करा, नाहीतर तारेच्या ताणाने नळी चेपते आणि चुंबक अडकतो. फॅरेडेने तिच्यावर आठ वेगवेगळ्या तारा एकावर एक गुंडाळल्या, एकूण २२० फूट, आणि आठही तारांची एका बाजूची टोकं एकत्र, दुसऱ्या बाजूची टोकं एकत्र बांधली. म्हणजे पॅरललमध्ये. तुम्ही दोन्ही करून बघा. चाळीस वेढ्यांच्या सुईला फार फरक पडत नाही, पण डिजिटल मल्टिमीटर लावणार असाल तर सिरीजच हवी. सिरीजमध्ये आणि जाड निओडिमियम चुंबक जोरात सारला तर अंधारात लाल एलईडी लुकलुकतो.

सुई नळीपासून दोन मीटर लांब. चुंबक नळीच्या तोंडाशी धरा, मग एका दमात आत सारा. सुई उडते. आत तसाच ठेवा, सुई शून्यावर. बाहेर ओढा, सुई उलटी. हळू सारला तर सुई जेमतेम थरथरते. मग चुंबक स्थिर धरून नळीच त्याच्यावर सारा. फरक काहीच नाही. निओडिमियमचे दोन चुंबक एकमेकांजवळ नेऊ नका, मध्ये बोट सापडलं तर रक्त येतं.

सतत वाहणारी वीज फॅरेडेला ऑक्टोबरच्या २८ तारखेला मिळाली. वुलिचमध्ये क्रिस्टी यांच्याकडे असलेल्या रॉयल सोसायटीच्या प्रचंड चुंबकाच्या टोकांमध्ये त्याने १२ इंची तांब्याची चकती फिरवली. एक संपर्क आसाला, एक कडेला. घरी हे अवघड आहे. मिळणारे व्होल्ट इतके थोडे असतात की कडेचा संपर्क जरा ढिला झाला तरी सगळं जातं. फॅरेडे संपर्काच्या जागांना पारा चोळायचा. तुम्ही पाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. तांब्याच्या बारीक तारांचा ब्रश, मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर आणि पुष्कळ संयम असेल तरच हात घाला.

सुई हललीच नाही तर

घाईने वाइंडिंग सोडू नका, दोष बहुधा तिथे नसतो. आधी टोकं बघा. इनॅमल अर्धवट निघालेलं असतं. मग सुईच्या मीटरला सेल क्षणभर थेट लावा: सुई आडवी झाली तर मीटर ठीक. मग B च्या दोन तुकड्यांची जोडणी. लाल-काळं चुकून लाल-लाल झालं असेल तर दोन्ही तुकडे एकमेकांना मारतात आणि झटका जवळपास शून्य होतो. टोकांना चिठ्ठ्या लावायला सांगितलं होतं ते यासाठी. नंतर सेल, आणि सर्वांत शेवटी कडी: तिच्या लोखंडाला चुंबक लावून बघा, घट्ट चिकटला पाहिजे.

हे सगळं ठीक असून झटका अगदीच बारीक येत असेल तर A चा एखादा थर आत शॉर्ट झालेला असू शकतो. ओहम अपेक्षेपेक्षा बरेच कमी दिसतील. त्या थरापर्यंत तार उकला, खरवडलेली जागा शोधा, तिथे कापडाचा तुकडा ठेवा आणि पुन्हा गुंडाळा. उकललेली तार शटलवर भरताना सरळ करून घ्या, आणि वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजा.